क्रिस्टल खराब नाहीये हो, भागाकार अर्धवट राहिलाय

प्रश्न : 4060 आयसीला (ऑसिलेटर असलेला, फ्रिक्वेन्सी भागणारा काउंटर) घड्याळातला 32.768 किलोहर्ट्झचा क्रिस्टल लावला. सेकंदाला एक पल्स हवी होती पण 3 नंबर पिनवरचा एलईडी दोनदा लुकलुकतो. क्रिस्टल डुप्लिकेट निघाला का? आणि पल्स मोजायला 7490 (0 ते 9 मोजणारा काउंटर) लावलाय, तर बटण एकदा दाबलं की आकडा दोन-तीनने पुढे पळतो. — डिप्लोमाचा विद्यार्थी

उत्तर : क्रिस्टल बदलू नका, चांगला आहे तो. फ्लिप-फ्लॉप नावाचं एक सर्किट म्हणजे एक स्टेज, ती फ्रिक्वेन्सी निम्मी करते, आणि 32768 म्हणजे दोनचा पंधरावा घात, म्हणजे एक हर्ट्झवर यायला पंधरा वेळा निम्मं करावं लागतं. 4060 मध्ये स्टेज आहेत चौदाच, त्यामुळे शेवटच्या पिनवर 2 हर्ट्झ येणारच. पंधरावी स्टेज 4013 ची (दोन फ्लिप-फ्लॉपचा आयसी) जोडा : 4060 ची 3 नंबर पिन 4013 च्या 3 नंबरला, 4013 ची 2 आणि 5 एकमेकांना, 4 आणि 6 ग्राउंडला, आउटपुट 1 वर. उरलेल्या अर्ध्या भागाच्या 8 ते 11 पिनाही ग्राउंड करा, 4013 सारख्या सीमॉस प्रकारच्या आयसीचे इनपुट लोंबकळत ठेवले की आयसी काय वाट्टेल ते करतो.

फ्रिक्वेन्सी मीटर असेल तर 4060 च्या 10-11 नंबर पिनांना, म्हणजे क्रिस्टलच्या पिनांना, प्रोब लावू नका, प्रोबच्या कपॅसिटन्सनेच फ्रिक्वेन्सी हलते किंवा ऑसिलेटर बंदच पडतो. 4060 च्याच 7 नंबरवर बघा, तिथे 2048 हर्ट्झ मिळायला हवेत.

आता 7490. बटणाचे पत्रे टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि 7490 प्रत्येक थरथर इमानदारीत मोजतो, त्याचा काय दोष? बटणाचं एक टोक ग्राउंडला, दुसऱ्याला 5 व्होल्टवरून 10 किलोओहम, बटणाला समांतर 1 मायक्रोफॅरड, आणि तिथून 74एलएस14 (सावकाश सिग्नल झटकन बदलणारा करणारा श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर) मधून 7490 च्या क्लॉकला, म्हणजे पल्स घेणाऱ्या इनपुटला. नुसता कपॅसिटर लावून भागवू नका, सावकाश चढणारा सिग्नल 7490 ला झेपत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत पण पुढे अडणार म्हणून सांगतो, 4013 चं आउटपुट थेट 7490 ला देऊ नका. 7490 चा क्लॉक इनपुट लो, म्हणजे शून्य व्होल्टजवळ, करायला दोनेक मिलिअँपिअर तरी ओढून घ्यावे लागतात आणि 5 व्होल्टवर 4013 ची तेवढी ताकद नसते, मधे बीसी547 ट्रान्झिस्टर टाका, बेसला 10 किलोओहम, कलेक्टरला 1 किलोओहम. आणि 7490 च्या 6-7 पिना ग्राउंड केल्यात ना? नसतील तर आकडा 9 वरच अडकून बसेल.