‘रिव्हर्ट बॅक’मधलं ‘बॅक’ कशाला?

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. परवा एका पुरवठादाराला ईमेल लिहिला, ‘प्लीज रिव्हर्ट बॅक अॅट द अर्लिएस्ट, सो दॅट वुई कॅन डिस्कस अबाउट द रेट्स.’ साहेबांनी ‘बॅक’ आणि ‘अबाउट’ खोडले. आमच्याकडे सगळे असंच लिहितात. मग माझं चुकलं कुठे? बोलताना ‘एटीएम मशीन’ म्हणणंही चूक का? – एक वाचक, चाकण

उत्तर : साहेबांनी खोडलं ते योग्यच. ‘रिव्हर्ट’मधला ‘रि’ म्हणजेच ‘परत’. ‘रिटर्न बॅक’ आणि ‘रिपीट अगेन’ची तीच गत. कुणी ‘पिवळा पीतांबर’ किंवा ‘गाईचं गोमूत्र’ म्हटलं की आपल्याला लगेच खटकतं, कारण पीत म्हणजे पिवळा हे ठाऊक असतं. इंग्रजी शब्दाच्या पोटात काय आहे ते दिसत नाही, म्हणून खटकत नाही, एवढंच.

‘अबाउट’ मात्र आपण घरून नेतो. मराठीत दरां‘बद्दल’ चर्चा करतो, तो ‘बद्दल’ इंग्रजीतही सोबत जातो. ‘कझिन ब्रदर’ही तसाच. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ म्हणणाऱ्या माणसाला नुसतं ‘कझिन’ अपुरं वाटणारच. ते मी कधी खोडत नाही. भाऊ की बहीण हे त्यातून कळतं.

माझे वडील तार ऑफिसात काउंटरवर होते. ठरावीक शब्दांपुढे प्रत्येक शब्दाला जादा पैसे पडत. एकदा एका गृहस्थांनी फॉर्मवर लिहिलं होतं, ‘आय अॅम रीचिंग पुणे स्टेशन ऑन कमिंग संडे मॉर्निंग अॅट सिक्स एएम प्लीज कम टू रिसीव्ह मी.’ सतरा शब्द. दादांनी पेन्सिल घेतली. सकाळ म्हटल्यावर ‘एएम’ कशाला? घ्यायला ये म्हटलं की येतोय हे आलंच. उरलं, ‘रिसीव्ह पुणे स्टेशन संडे सिक्स मॉर्निंग.’ सहा शब्द. २०१३च्या जुलैत तारसेवा बंद झाली. मी मात्र अजून पत्र लिहून झालं की तीच पेन्सिल मनात फिरवते.

बोलण्यात मी इतकी कडक नाही. एटीएममधला ‘एम’ म्हणजे मशीन, पिनमधला ‘एन’ म्हणजे नंबर, आरटीओमधला ‘ओ’ म्हणजे ऑफिस. तरी रिक्षावाल्याला मी ‘आरटीओ ऑफिस’च सांगते. गर्दीत एखादं अक्षर ऐकू आलं नाही तरी पुढचा शब्द सांभाळून घेतो. लिहिताना ती अडचण नसते, तिथे खोडा.

करारपत्रांना मात्र हात लावू नका. ‘नल अँड व्हॉइड’, ‘विल अँड टेस्टामेंट’ अशा जोड्या वकिलांच्या रुळलेल्या आहेत. १०६६नंतर इंग्लंडवर नॉर्मन राज्य आलं आणि तिथल्या कायद्यात इंग्रजी, फ्रेंच, लॅटिन शेजारी नांदू लागल्या. ‘विल’ मूळ इंग्रजी, ‘टेस्टामेंट’ लॅटिनमधून आलेला.

आता तुमचं वाक्य. ‘रिव्हर्ट’ तर पूर्णच काढा. परदेशातल्या माणसाला त्याचा अर्थ ‘पूर्वस्थितीला जाणं’ असा लागू शकतो. ‘अॅट द अर्लिएस्ट’मध्येही वार कळत नाही. मी लिहीन, ‘प्लीज रिप्लाय बाय फ्रायडे. वुई नीड टू डिस्कस द रेट्स.’