तिरळेपणाच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले, दोन-दोन दिसतंय, डॉक्टर प्रिझम लावा म्हणतात. आता तो कायमचाच का?

तीन आठवडेच झालेत ना? मग 'कायमचा' हा शब्द एवढ्यात नको.

माझा डावा डोळा लहानपणापासून बाहेर जायचा. अडतिसाव्या वर्षी ऑपरेशन केलं, डोळा किंचित आत आला आणि दोन-दोन दिसायला लागलं. डॉक्टरांनी समजावलं ते असं: बाहेर गेलेल्या डोळ्याचं चित्र मेंदूने वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं असतं. ऑपरेशनने डोळा हलला की चित्र डोळ्यातल्या पडद्यावर नव्या जागी पडतं आणि तिथे दाबायची सवय मेंदूला नसते. मोठ्यांमध्ये हे बऱ्याचदा काही दिवस-आठवड्यांत ओसरतं. तोवर जिना उतरताना कुठली पायरी खरी, हा प्रश्न असतोच. मी चहा एकदा सरळ ओट्यावर ओतला होता.

प्रिझम म्हणजे शाळेतला लोलकच. तो डोळा सरळ करत नाही, चित्र सरकवतो. 1 नंबरचा प्रिझम 1 मीटरवरचं चित्र 1 सेंटिमीटर सरकवतो. मला 10 लागला. त्यासाठी काच घासून घेतली नाही. फ्रेनेल नावाची प्लास्टिकची पातळ पट्टी मिळते, ती कात्रीने कापून चष्म्याच्या काचेला आतून पाण्याने चिकटवतात. नंबर बदलला की काढून दुसरी लावायची. तुम्हीही आधी हीच मागा, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत नंबर हलत असतो. तिच्यातून थोडं धूसर दिसतं आणि रात्री दिव्यांना रेघा फुटतात. मला भेटणारा प्रत्येक जण "काच तडकलीय" म्हणायचा.

एक गंमत सांगते, तेव्हा गंमत वाटली नव्हती. दुकानदाराने माझी पट्टी उलटी लावली. डोळा आत असेल तर प्रिझमची जाड बाजू कानाकडे हवी, त्याने नाकाकडे केली आणि दोन चित्रांमधलं अंतर दुप्पट झालं. मी दोन दिवस आपलंच नशीब फुटकं समजत बसले. पट्टी लावल्यावर दुकानातच समोरचा दिवा बघा. एक दिसत नसेल तर उठू नका.

दोन महिन्यांनी माझा नंबर 4 वर थांबला. मग दोन्ही काचांत 2-2 घासून बसवला, बाहेरून कळतही नाही. सगळ्यांचं असं होत नाही. चित्र तिरपं, फिरल्यासारखं दिसत असेल तर प्रिझमने ते सरळ होत नाही. समोर एक पण बाजूला बघताना दोन, असं असेल तर अर्धाच उपयोग होतो. अशा वेळी परत ऑपरेशनचा विषय निघू शकतो, पण तोही मोजमाप स्थिरावल्यावर.

एक डोळा झाकूनही दोन दिसतात का, ते आज घरीच तपासा. दिसत असतील तर कारण तिरळेपणा नाही, डॉक्टरांना तसं सांगा. आणि डोळा अचानक एका बाजूला वळेनासा झाला किंवा दुखून लाल झाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा.