कोणत्या रविवारची गाडी?

प्रश्न : काका, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, लग्न झाल्यापासून ओहायोत, अ‍ॅक्रनजवळ राहते. माझे अमेरिकन सासरे आणि त्यांचे दोन धाकटे भाऊ 1960 च्या दशकात ड्रॅग रेसिंग, म्हणजे सरळ ट्रॅकवरची वेगाची शर्यत, करायचे. गाडी घरच्या गॅरेजमध्ये बांधलेली. सासूबाई सगळ्यांचे डबे करायच्या आणि प्रत्येक धावेची वेळ वहीत लिहायच्या. 1969 मध्ये गाडी विकली, पुढे कुणीतरी ती कापली असं ऐकलं. आता सासरे 86 वर्षांचे आहेत, सासूबाई आणि एक चुलत सासरे गेले. उरलंय ते एवढं : बुटांच्या खोक्यात 31 फोटो, फुलपाखराच्या आकाराचं स्टीअरिंग, क्रायस्लरच्या इंजिनाचं एक झाकण, चंदेरी अग्निसूट आणि ती वही. माझे यजमान आणि दीर गाडी पुन्हा बांधायला निघालेत. दीरांना नायट्रोच्या ज्वाळा हव्यात, यजमानांना ती रेसमध्ये पळवायची आहे. सासरे म्हणतात रंग लाल होता, चुलत सासरे म्हणतात नारिंगी. फोटोत गाडीवर ‘एए/जीडी’ अशी अक्षरं आहेत. मला यातलं ओ की ठो कळत नाही. सुरुवात कुठून करायची? आणि झालेल्या गाडीला ‘मूळ गाडी’ म्हणता येईल का?

उत्तर : ताई, तुमच्याकडच्या सामानात सगळ्यात किमती वस्तू आहे सासूबाईंची वही. आधी तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, वही कुलपात ठेवा, आणि मगच त्या दोघांना गॅरेजची किल्ली द्या.

रेसच्या गाडीचं असं असतं की ‘ती गाडी’ नावाची एकच गाडी कधी नसतेच. मार्चमध्ये एक इंजेक्टर, जूनमध्ये दुसरे हेडर पाइप (इंजिनाचा धूर बाहेर सोडणारे), ऑगस्टमध्ये कुठेतरी ठोकली म्हणून पुढचा भाग नवा. तुमच्या 31 फोटोंत निदान चार गाड्या लपलेल्या असणार. चौघींचं आवडलेलं एकेक उचलून जी गाडी बनेल, ती कुठल्याच ट्रॅकवर कधी उभी राहिलेली नसेल. कोणत्या रविवारची गाडी बांधायची ते आधी ठरवा. एक तारीख.

जेवणाच्या टेबलावर फोटो मांडा आणि लावा क्रम. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर बघा. 1960 च्या सुमारास ते 100 इंचांच्या आसपास असायचं, दशक संपेपर्यंत 200 च्या पुढे गेलं. म्हणजे गाडी जितकी लांब तितका फोटो नंतरचा. हेडर पाइप खाली वळलेले असतील तर फोटो आधीचा, मागे-वर उडालेले असतील तर दशकाच्या मध्यानंतरचा. मागे सुरुवातीच्या रेषेवर झेंडा घेऊन उडी मारणारा माणूस दिसतो की दिव्यांचा खांब? तो खांब, ज्याला ते ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात, 1963 मध्ये इंडियानापोलिसला आला. फोटोंचा क्रम लागला की वहीतल्या तारखांशी जुळवा. हे काम गाडीतलं काही न कळणारा माणूसच चांगलं करतो. कळणारा माणूस फोटोत त्याला हवं तेच बघतो.

आता ‘एए/जीडी’. ‘एए’ म्हणजे ब्लोअरवाली (ब्लोअर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) वरची श्रेणी आणि ‘जीडी’ म्हणजे गॅस ड्रॅगस्टर. गॅस म्हणजे आपलं पेट्रोल. नायट्रो, म्हणजे नायट्रोमिथेन हे रेसचं इंधन, जाळणाऱ्या गाड्यांच्या अंगावर ‘एफडी’ असायचं, फ्युएल ड्रॅगस्टर. 1957 ते 1963 या काळात नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने आपल्या स्पर्धांत नायट्रोमिथेनवर बंदी घातली होती, त्यामुळे पेट्रोलवर धावणाऱ्या घरगुती टीम पुष्कळ होत्या. म्हणजे दीरांना हव्या असलेल्या ज्वाळा या फोटोतल्या गाडीतून कधी निघाल्याच नसाव्यात. बंदी उठल्यावर काहींनी अक्षरं पुसून ‘एफडी’ लिहिलं हेही खरं. वहीत इंधनाचा खर्च लिहिलेला असेल तर तो बघा. नायट्रो महाग, आकडा लपत नाही. वही पेट्रोल म्हणाली तर पेट्रोल. दीरांना म्हणावं, वहिनींचं नाही तर आईचं तरी ऐका.

मापं कशी घ्यायची? इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. टोलेडोला टूलरूममध्ये असताना एका दोस्ताच्या ड्रॅगस्टरची चौकट मी फोटोवरून काढून दिली. मागचा टायर हे माप धरलं आणि पट्टीने मोजत पुढे गेलो. फोटो किंचित तिरका होता, शिवाय त्या मऊ टायरचा व्यास हवेच्या दाबाने बदलतो. चौकट वेल्ड होऊन जमिनीवर आली तेव्हा 7 इंच आखूड. दोस्त काही बोलला नाही, फक्त ग्राइंडर आणून माझ्या हातात दिला.

तुमच्याकडे टायरपेक्षा चांगलं माप आहे : ते झाकण. क्रायस्लरच्या जुन्या हेमी इंजिनात स्पार्क प्लग झाकणाच्या मधोमध असतात, चार भोकं एका रांगेत. दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर 4.5625 इंच. अगदी बाजूने काढलेल्या फोटोत प्लगच्या चार वायरी दिसल्या की इंजिनाच्या आसपासचं सगळं त्यावरून मोजता येतं. मात्र एका फोटोवर विसंबू नका, तीन फोटोंचं उत्तर एक आलं तरच नळी कापा. इंजिन 331 क्युबिक इंचांचं होतं, 354 की 392, हे झाकण सांगणार नाही, ते तिन्हींना बसतं. 392 चा ब्लॉक उंच असतो, तो फोटोत शोधा. आणि वर बसलेला ब्लोअर बहुधा 6-71 असेल. हा जनरल मोटर्सच्या ट्रक-बसच्या डिझेल इंजिनावरचा, 6 सिलिंडर, प्रत्येकी 71 क्युबिक इंच, म्हणून हे नाव. बसचा पंखा काढून रेसच्या गाडीवर बसवणारी ही माणसं मला कधी परकी वाटली नाहीत. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलो, तिथे असंच चालायचं.

फोटो जिथे थांबतात तिथे सासरे सुरू होतात. त्यांना कागदावरचं ड्रॉइंग दाखवून प्रश्न विचारू नका, ‘आठवत नाही’ म्हणतील. गॅरेजच्या फरशीवर चिकटपट्टीने गाडीची बाह्यरेषा काढा, बुटकी खुर्ची ठेवा, त्यांना बसवा आणि स्टीअरिंग हातात द्या. समोर झाडूचा दांडा धरून एकाने उभं राहायचं. ते म्हणतील, अजून जवळ, अजून खाली. हात आपोआप जातो तिथे ब्रेकचा दांडा होता. त्या वेळी टेप तुमच्या हातात असू द्या आणि रेकॉर्डर चालू.

यजमानांच्या रेसबद्दल स्पष्टच लिहितो : नको. या गाड्यांना स्लिंगशॉट म्हणायचे, म्हणजे गलोल. चालक मागच्या एक्सलच्याही मागे, इंजिन समोर आणि क्लच वगैरे फिरणारं सगळं लोखंड पायांशी. 8 मार्च 1970 ला लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स ट्रॅकवर डॉन गार्लिट्स या नामवंत ड्रॅग रेसरच्या गाडीचं ट्रान्समिशन सुरुवातीच्या रेषेवरच फुटलं आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्यानंतर त्याने इंजिन मागे टाकलेली गाडी बांधली, 1971 मध्ये ती जिंकली आणि काही वर्षांत गलोली इतिहासजमा झाल्या. तुमची गाडी जागेवर सुरू करा, गरजू द्या, तेवढं पुरे. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला 2000 सालापासून जुन्या ड्रॅगस्टरांचा असा मेळाच भरतो. ‘कॅकलफेस्ट’ म्हणतात त्याला. मागून ट्रकने ढकलायचं, तेलाचा दाब काट्यावर चढला की इंधन सोडायचं, मग ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचा स्विच. बघायला आलेली म्हातारी माणसं डोळे पुसतात, त्यात निम्मा वाटा धुराचा असतो.

जे दिसतं ते त्या रविवारचं, जे दिसत नाही ते आजचं, असा करार दोघा भावांशी करा. नळ्या नव्या क्रोमोली स्टीलच्या, वेल्डिंग ज्याला येतं त्याचं, क्लचभोवती आजच्या प्रतीचं कवच. जुना अग्निसूट कुणी घालू नये, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. काचेत लावा. स्टीअरिंगचे दांडे, बोल्ट यांना क्रोम करायची हौस असेल तर प्लेटिंगवाल्याला ‘नंतर भट्टीत भाजणार ना?’ हे आधी विचारा. कठीण स्टीलमध्ये प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि न भाजलेला बोल्ट काही न सांगता तडकतो.

रंगाचं भांडण फोटोंनी मिटणार नाही, कृष्णधवल फोटोत लाल काय नि नारिंगी काय, दोन्ही राखाडीच. कुणाकडे कोडाक्रोमच्या (कोडॅकच्या रंगीत फिल्मच्या) स्लाइड असतील तर शोधा, अंधारात ठेवलेल्या असल्या तर त्यांचा रंग टिकतो. नाहीतर त्या झाकणाच्या काठाखाली आणि बोल्टच्या भोकांत नखाने खरवडून बघा, उडालेला फवारा तिथे बसलेला सापडतो. आणि रंग फार ‘विचारपूर्वक’ निवडला असेल असं समजू नका. तुमच्याच अ‍ॅक्रनच्या आर्ट आणि वॉल्ट आर्फन्स या रेसर सावत्र भावांनी 1952 मध्ये पहिली गाडी बांधली तेव्हा ट्रॅक्टरचा उरलेला हिरवा रंग मारला होता. ट्रॅकवरचा निवेदक तिला ‘ग्रीन मॉन्स्टर’ म्हणाला आणि तेच नाव पुढच्या सगळ्या गाड्यांना चिकटलं. अक्षरं मात्र पेंटरकडून ब्रशने लिहून घ्या. कॉम्प्युटरवर कापलेलं स्टिकर दहा फुटांवरून ओळखू येतं.

‘मूळ’ म्हणायचं का? नाही. जीर्णोद्धार म्हणायचा तर देवळाचा गाभारा तरी जुना लागतो. इथे झाकण आणि स्टीअरिंग तेवढं जुनं आहे. म्हणून बांधायला घेण्याआधी वर्षभर मूळ चौकटीचा शोध घ्या. अशा चौकटी इंजिन काढून विकल्या जायच्या, लांब केल्या जायच्या, ‘कापली’ म्हणजे भंगारातच गेली असं नसतं. सापडली नाही तर पितळेची छोटी पट्टी करून चौकटीवर लावा : पुन्हा बांधली अमुक साली, तमुक तारखेच्या रूपात. ती तारीख सासऱ्यांनी निवडावी. जिंकलेलाच रविवार ते निवडतील असं मात्र धरून चालू नका.

प्रश्न : मी सांगलीत डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नायट्रोमिथेन थोडंसं पेट्रोलमध्ये मिसळून बाइकमध्ये टाकलं तर पॉवर वाढेल का?

उत्तर : पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे 14.7 भाग लागतात, नायट्रोमिथेनला सुमारे 1.7, कारण ऑक्सिजन ते स्वतःच घेऊन येतं. म्हणजे तेवढ्याच हवेत साडेआठ पट इंधन ओतावं लागतं. तुझा जेट, पंप, नळी यातलं काहीच त्यासाठी केलेलं नाही. शिवाय ते पेट्रोलमध्ये नीट मिसळतही नाही, टाकीच्या तळाशी बसतं. सिलिंडरमध्ये न जळलेलं इंधन साठलं आणि पिस्टन वर आला तर द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाइक वडिलांच्या नावावर असेल तर आधी त्यांना विचार.