सायकल-कट्टा : इटलीतले रिटायर झालेले रस्ते

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या की इटलीत नदीकाठानं सायकल चालवून आलो, तर त्यावर इतकी पत्रं आलीत की संपादकांनी अख्खं पान देऊन टाकलं. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पाच घेतोय. बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता म्हणून एकत्र केलेत, रागावू नका.

प्रश्न : आम्ही दोघं टिळकवाडीत राहतो, मी ५९, ही ५५. बँकेतून रिटायर झाल्यापासून दर रविवारी जांबोटी रोडला सायकल मारतो. मुलगा म्युनिकला असतो, सप्टेंबरात त्याच्याकडे जायचंय आणि मधले दहा दिवस मोकळे आहेत. इटलीत जावं म्हणतो. ट्रॅफिक नको, घाट चढणं नको, नदी पाहिजे.

तुमच्यासाठी आदिजे नदी. दुसरं काही शोधूच नका. पो नदीनंतर इटलीतली सगळ्यात लांब नदी हीच, ४१० किलोमीटर, आणि ही उगम पावते ऑस्ट्रियाच्या हद्दीजवळ रेसिया खिंडीत, साधारण १५०० मीटरवर. तिथून मेरानो गाव सव्वातीनशे मीटरवर, म्हंजे ८०-८५ किलोमीटरात जवळपास १२०० मीटर उतार आणि तोही सायकलीच्या वेगळ्या वाटेनं, सफरचंदाच्या बागांमधनं. तुम्ही फक्त ब्रेक सांभाळा. चढायचं कसं म्हणाल तर चढायचंच नाही, म्युनिकहून ब्रेनर खिंडीतनं येणारी ट्रेन बोल्झानोला सोडते, तिथून मेरानो, मग मेरानोहून माल्लेसपर्यंत छोटी ट्रेन आहे ६० किलोमीटरची, ती मधे बरीच वर्षं बंद होती आणि २००५ ला परत सुरू झाली, आणि माल्लेसवरनं बस. सीझनला त्या छोट्या ट्रेनमध्ये सायकलीला जागा मिळेलच असं नाही, म्हणून बरेच लोक वरच्या स्टेशनला भाड्यानं सायकल घेतात आणि खालच्या स्टेशनला परत करतात. मला ही सोय फार आवडली, आपल्याकडे खानापूर स्टेशनला असं काही असतं तर, असो.

वर रेसियाला एक तळं आहे आणि त्यात काठाजवळ पाण्यात चर्चचा मनोरा उभा आहे, नुसता मनोरा, बाकी गाव पाण्याखाली. १९५० ला धरण झालं आणि कुरोन नावाचं गाव गेलं, १४ व्या शतकातला मनोरा तेवढा राहिला. सगळे तिथं फोटो काढत होते आणि मला आपल्या हिडकल धरणाचं पाणी आटल्यावर वर येणारं विठ्ठलाचं देऊळ आठवत होतं. आणखी एक गंमत सांगतो, हा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियात होता, आजही बहुतेक लोक घरात जर्मन बोलतात, त्यामुळे प्रत्येक गावाच्या पाटीवर दोन नावं. बेळगावकराला एकदम घरी आल्यासारखं वाटतं, फरक एवढाच की तिथं दोन्ही नावं शाबूत असतात, कुणी काळं फासलेलं नसतं.

मेरानोहून पुढं बोल्झानो, त्रेंतो, रोवेरेतो असं नदीच्या बांधावरनंच जायचं, सपाट. पण इथं एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. दुपारी दक्षिणेकडनं वारा सुटतो, तिकडे त्याला ‘ओरा’ म्हणतात, गार्दा तलावावरनं निघतो आणि पार त्रेंतोपर्यंत येतो. तुम्ही चाललेले दक्षिणेला, म्हंजे बरोब्बर तोंडावर. पहिल्या दिवशी मी आरामात नाश्ता करून दहाला निघालो आणि दोन वाजल्यानंतर सपाट रस्त्यावर मला चोर्ला घाट चढल्यासारखं झालं. सकाळी सातला निघा, एकपर्यंत मुक्कामाला टेका. आणि अगदी शांत असेल असंही समजू नका, त्याच खोऱ्यातनं जर्मनीकडे जाणारा मोटरवे आहे, जुना हायवे आहे, रेल्वे आहे, लांबनं ट्रकांची घरघर येत राहते. पण तुमच्या वाटेवर ट्रक येत नाही, सप्टेंबरात सफरचंदाचे ट्रॅक्टर मात्र येतात, त्यांना वाट द्या.

रोवेरेतोजवळ मोरीला आदिजे सोडायची, एक लहानसा चढ पार केला की समोर गार्दा तलाव आणि तोर्बोले. तलावाच्या काठच्या रस्त्यानं खाली जायचा मोह होईल, जाऊ नका, बोगदे आणि गाड्या. सायकल घेणारी बोट कधी आहे ते बघा आणि बोटीनं पेस्किएराला उतरा. तिथून मिंचो नदी निघते आणि तिच्या काठानं मांतोवापर्यंत ४५ एक किलोमीटरची वाट आहे, मधे बोर्गेत्तो नावाचं पाणचक्क्यांचं गाव लागतं, तिथं जेवा. मांतोवाला तीन बाजूंनी नदीचेच तलाव आहेत आणि त्यात चक्क कमळं. जुलै-ऑगस्टला फुलतात, तुम्हाला पानंच दिसतील बहुतेक. सात दिवसांत हे सगळं होतं, तीन दिवस हातात ठेवा. पावसाला, आणि भांडणाला. (नवराबायकोनं एकत्र सायकल चालवली की होतं, अनुभव आहे.)

प्रश्न : नकाशावर सगळे रस्ते सारखेच दिसतात. शांत रस्ता कुठला ते घरबसल्या ओळखायचं कसं? (एक शिक्षक, निपाणी)

सर, तुम्ही निपाणीचे, तुम्हाला हे एका वाक्यात कळेल. हायवे चार लेनचा झाला, बायपास पडला, मग गावातनं जाणाऱ्या जुन्या पी.बी. (पुणे-बेंगळुरू) रोडचं काय झालं? तसा रस्ता शोधायचा. ज्याचं काम दुसऱ्या रस्त्यानं काढून घेतलंय तो रस्ता, रिटायर झालेला. इटलीत असे रस्ते भरपूर आहेत कारण तिथं एकाच खोऱ्यात रोमन काळापासून एकावर एक रस्ते पडलेत. नकाशावर रस्त्याच्या नंबराआधी अक्षरं असतात, ‘एसएस’ म्हंजे आपला नॅशनल हायवे, ‘एसपी’ म्हंजे जिल्ह्याचा रस्ता, आपल्याला एसपी पाहिजे. मोटरवेवर सायकलला बंदीच. मग नदीचे दोन्ही काठ बघा. एका काठाला रेल्वे आणि मोठा रस्ता असला तर दुसऱ्या काठाला बहुतेक वेळा एक बारीक एसपी असतो, गावागावातनं वळत जाणारा, त्यावर दिवसभरात चार ट्रॅक्टर आणि एक म्हातारा स्कूटरवाला. नेहमी असतोच असं नाही, पण मी निम्म्याहून जास्त दिवस याच हिशेबानं काढले.

रिटायर झालेली रेल्वे तर त्याहून भारी. मध्य इटलीतल्या उंब्रियात स्पोलेतो ते नोर्चा अशी डोंगरातली लहान रेल्वे होती, १९२६ ला सुरू झाली, १९६८ ला बंद पडली, आता त्या मार्गावर सायकली चालतात. पूल, बोगदे सगळे तसेच, एक बोगदा जवळपास दोन किलोमीटर, आत गार हवा आणि मिट्ट काळोख. मी मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून गेलो होतो, हसू नका, तुम्ही नीट लाईट न्या. खाली खडी आहे, बारीक टायरची सायकल नको. २०१६ च्या भूकंपात त्या भागात बरीच पडझड झाली, तेव्हा वरचा टप्पा चालू आहे का ते तिथल्या पर्यटन ऑफिसात विचारून मगच पुढं जा.

प्रश्न : मी खानापूरचा, वय २४, चोर्ला घाट खालून वर न थांबता चढतो. मला सपाट नको. समुद्र आणि डोंगर दोन्ही पाहिजे, रेसवाले चढतात ते घाट पाहिजेत.

शाबास. लिगुरियाला जा, इटलीच्या वायव्य किनाऱ्याला, सानरेमो. १९०७ पासून मिलान-सानरेमो रेस होते, तिचे शेवटचे दोन चढ तुला चढायचेत : चिप्रेस्सा, साडेपाच किलोमीटरच्या आसपास, रेसमध्ये १९८२ ला आला, आणि पोज्जो, ३.७ किलोमीटर, १९६० पासून. आकडे बघून तू म्हणशील हे काय, चार टक्के चढ, आपल्याकडे राजहंसगडाला याहून जास्त आहे. खरंय. ते लोक तीनशेच्या आसपास किलोमीटर चालवून मग हे चढतात, जीव तिथं जातो. तू सकाळी ताज्या पायानं दोन्ही चढून टाक, अकराच्या आत मोकळा होशील.

खरी मजा त्याच्या मागच्या बाजूला आहे. आर्मा दी ताज्जाहून समुद्राकडे पाठ करायची आणि आर्जेंतिना नावाच्या नदीच्या खोऱ्यात शिरायचं (देश नव्हे, नदीच). ताज्जा, बादालुक्को, मोलिनी, आणि शेवटी त्रिओरा. पंचवीस-तीस किलोमीटर, दोन्ही बाजूला ऑलिव्हची झाडं, त्या ताज्जाच्याच नावानं ऑलिव्हची जात आहे. मोलिनीपर्यंत चढ जाणवत नाही, त्यानंतर मात्र कळतं. त्रिओरा ७८० मीटरवर, म्हंजे समुद्रावरनं निघून साधारण बेळगावच्या उंचीला पोचायचं, तुझ्या पायांना हिशेब माहितीच आहे. १५८० च्या दशकात या गावात बायकांवर चेटकिणी म्हणून खटले चालले होते, आता दुकानात झाडूवरच्या बाहुल्या विकतात. मला ते काही बरं वाटलं नाही.

परत आल्यावर संध्याकाळी समुद्राकाठची वाट : सान लोरेन्झो ते ओस्पेदालेत्ती, २४ किलोमीटर. ही पण रिटायर रेल्वेच, २००१ ला रेल्वे आत डोंगरात बोगद्यात गेली आणि समुद्राकाठचा मार्ग सायकलींना मिळाला. रविवारी तिथं लहान पोरं, कुत्री, आइस्क्रीम सगळं असतं, स्पीड मारू नको.

आणि अजून ताकद उरली तर दुसऱ्या बाजूला, एड्रियाटिक समुद्राच्या काठी मार्के प्रांत. तो भाग म्हंजे कंगवा समज. नद्या सगळ्या डोंगराकडनं समुद्राकडे एकमेकींना समांतर, मधल्या प्रत्येक डोंगरधारेवर एक गाव. खोऱ्यात सपाटी पण कारखाने आणि ट्रक, धारेवरचा रस्ता शांत, पण एका धारेवरनं दुसऱ्या धारेवर जायचं तर पार खाली उतरून परत वर. वेंगुर्ला-मालवणकडचा खाड्यांचा रस्ता चालवला असशील तर तसंच, फक्त तिथले चढ दुप्पट. म्हणून मार्केत किलोमीटर मोजू नको, उंची मोज. याच भागातल्या फिलोत्रानोचा मिकेले स्कार्पोनी, जिरो (इटलीची सगळ्यात मोठी सायकल रेस) जिंकलेला माणूस, २०१७ ला सरावाला निघाला असताना गावातच व्हॅनच्या धडकेत गेला. शांत रस्त्यावरही मागून येणाऱ्या गाडीकडे कान ठेव.

प्रश्न : आम्ही जैन. तिकडे खायचं काय? (चिकोडी)

ताई, लिगुरियात असाल तर काळजी नाही. ‘फारिनाता’ मिळते, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ, बस. मोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओतून भट्टीत भाजतात, आपलं बेसनाचं धिरडंच. साधा फोकाच्चा ब्रेड पण चालेल, वरती कांदा नाही ना बघा. जपायचं ते दोन ठिकाणी. एक, रोमान्याकडची ‘प्यादिना’ पोळीसारखी दिसते म्हणून आपण लगेच हात घालतो, तिच्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, ‘स्त्रुत्तो’ हा शब्द पाठ करा आणि विचारा. दोन, पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं (दूध साकळवणारा पदार्थ) बनवतात, नियमच तसा आहे, आणि ते लोक ते सगळ्यावर किसतात. ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हणायचं, चीज नको.

आणि दुपारी एक ते चार खेड्यातलं दुकान बंद. पहिल्या आठवड्यात मी दीड वाजता एका गावात पोचलो, खिशात पैसे आणि पोटात काही नाही, शेवटी चौकातल्या नळाचं पाणी पिऊन देवळाच्या, म्हंजे चर्चच्या पायरीवर झोपलो. तुमच्याकडे लाडू आणि चिवडा असणारच, तो हॉटेलवर ठेवू नका, हँडलच्या पिशवीत ठेवा. नळावर ‘नोन पोताबिले’ लिहिलं असेल तर ते पाणी प्यायचं नाही.

प्रश्न : स्वतःची सायकल न्यावी की भाड्यानं घ्यावी? (हुक्केरी)

दोन आठवड्यांच्या आत असेल तर भाड्यानं. स्वतःचं सीट आणि पेडल तेवढं काढून न्या, बुडाला सवय असते. लोकल ट्रेनमध्ये सायकलीचं वेगळं तिकीट काढायचं, फास्ट ट्रेनमध्ये सायकल पिशवीत भरल्याशिवाय घेत नाहीत. कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा, मी विसरलो आणि दंड भरला, टीसीशी मराठीत भांडून काही उपयोग झाला नाही. अंधार पडल्यावर गावाबाहेर आणि बोगद्यात कधीही चमकणारं जॅकेट घालणं कायद्यानं सक्तीचं आहे, ते इथूनच घेऊन जा, आपल्याकडे रोडच्या कामावरची माणसं घालतात तसलं नारिंगी चालतं, मी तेच नेलं होतं, आणि मांतोवात एकानं मला थांबवून रस्ता कधी पूर्ण होणार म्हणून विचारलं.