सूत्राने ६.८६ ओहम, मीटरवर ०.७: बल्बचा खरा रोध कोणता?

तुमचा प्रश्न असा: १२ व्होल्टच्या बल्बमधून १.७५ अँपिअर करंट जातो, सूत्राने रोध ६.८६ ओहम येतो, पण बल्ब काढून मल्टीमीटरने मोजला तर जेमतेम ०.७ ओहम दिसतो. मग चूक कुणाची, आणि पॉवर किती धरायची?

चूक कुणाचीच नाही. आधी पॉवर उरकून टाकू: १२ गुणिले १.७५, म्हणजे २१ वॅट. रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, तेही तुम्ही बरोबरच केलंय.

गंमत फिलॅमेंटमध्ये, म्हणजे बल्बच्या आतल्या बारीक तारेत आहे. ते टंगस्टनचं असतं, आणि बल्ब पेटला की दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापतं. धातू तापला की त्याचा रोध वाढतो. टंगस्टनचा इतक्या तापमानाला दहा-पंधरा पट होतो. सूत्राने तुम्ही पेटत्या बल्बचा रोध काढलात, मीटरने थंड बल्बचा मोजलात. शिवाय त्या ०.७ मध्ये मीटरच्या वायरींचाही वाटा आहे. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून पाहा. माझ्या मीटरवर ०.२ येतं, ते वजा करावं लागतं. तुमच्याकडेही तेवढंच निघालं तर उरतो अर्धा ओहम.

आता हा अर्धा ओहम व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध या सूत्रात घाला: १४४ भागिले ०.५, म्हणजे २८८ वॅट! बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी बल्ब खरोखरच धावत्या करंटच्या कितीतरी पट करंट ओढू पाहतो. क्षणार्धात फिलॅमेंट तापतं आणि करंट खाली येतो. जुने बल्ब बहुतेकदा लावतानाच का उडतात, याचं एक कारण हेच. म्हणून पॉवर काढताना पेटत्या बल्बचेच आकडे घ्या, थंड रोध घेऊ नका.

व्होल्टेजही बल्ब चालू असताना, थेट त्याच्या टोकांवर मोजा. बॅटरीवर १२ लिहिलंय म्हणून १२ धरू नका. लोड आला की ते थोडं उतरतं, आणि लांब वायरीत आणखी थोडं जातं. ज्याच्या नावाने हे एकक आहे, त्या खुद्द ओहम या शास्त्रज्ञालाही याच गोष्टीने छळलं होतं. त्याच्या काळच्या बॅटरीचं व्होल्टेज टिकत नसे, म्हणून शेवटी त्याने थर्मोकपल (दोन धातूंचा जोड, टोकांच्या तापमानातल्या फरकाने व्होल्टेज देणारा) वापरलं: एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. व्होल्टेज-करंटच्या नात्यावरचं त्याचं पुस्तक आलं १८२७ मध्ये.

साध्या रेझिस्टरला ही भानगड जवळपास नसते. तिथे व्होल्टेज निम्मं केलं की करंट निम्मा आणि पॉवर पाव. बल्बला मात्र ६ व्होल्ट दिलेत तर करंट निम्म्याहून जास्त भरेल, कारण फिलॅमेंट कमी तापतं. करून बघाच.

मिलिअँपिअरचं मात्र भान ठेवा. ५ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर असेल तर भागायचं ०.०२ ने, उत्तर २५० ओहम. नुसत्या २० ने भागलं की पाव ओहम येतो, आणि माणूस अर्धा तास वायरी तपासत बसतो. एसी मोटर असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट नव्हेत, खरे वॅट कमी भरतात. तिथे पॉवर फॅक्टर लागतो, म्हणजे त्या गुणाकाराचा किती भाग खरे वॅट आहे ते सांगणारा आकडा.

आणि करंट मोजून झाला की लाल वायर लगेच व्होल्टच्या सॉकेटात परत लावा. अँपिअरच्या सॉकेटात राहिलेली वायर तशीच बॅटरीला टेकवून मी मीटरचे दोन फ्यूज घालवलेत.