पावसात भिजलेल्या भुईमुगाच्या शेंगांवरील बुरशी : शेतकऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न : उन्हाळी भुईमूग उपटला त्याच रात्री वळीव झाला. वेल शेंगांसकट चार दिवस ढिगात राहिले. आता काही शेंगांवर हिरवट-पिवळी बुरशी दिसते. शेंगा धुऊन वाळवल्या तर चालतील का? नाहीतर तेल गाळून पेंड म्हशींना घालावी का?

उत्तर : आपण लिहिलेल्या रंगावरून ही बुरशी ॲस्परजिलस फ्लेव्हस असण्याची शक्यता मोठी असून, ती दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक व कर्करोगकारक विष तयार करते. वरची बुरशी धुऊन जाईल, पण आत उतरलेले विष जाणार नाही, आणि दाणे भाजल्यानेही ते पूर्णपणे नष्ट होत नाही. शेंगा धुऊ नयेत; त्याने ओल तेवढी वाढेल.

पेंडीचा विचार तर मुळीच करू नये. तेल गाळताना बहुतेक विष पेंडीतच राहते आणि घाण्याच्या तेलातही त्याचा अंश उतरतो. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, ते अशाच दूषित शेंगदाणा पेंडीमुळे. या विषाचा शोधही त्यातूनच लागला. म्हैस कदाचित आजारी दिसणारही नाही, पण विषाचा काही भाग रूप बदलून दुधात उतरेल, आणि ते दूध प्रथम आपल्याच घरातील मुले पितील.

सुदैवाने विष सर्व शेंगांत सारखे पसरलेले नसते. थोड्या दाण्यांत ते फार असते, त्यामुळे निवडणीला खरा अर्थ आहे. बुरशीच्या, फुटक्या, वाळवीने खरवडलेल्या आणि पोचट शेंगा वेगळ्या काढून खोल पुराव्यात. उरलेल्या ताडपत्रीवर पातळ पसरून, दिवसातून दोन-तीनदा हलवून, ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवाव्यात. शेंग कानाशी खुळखुळली आणि दाण्याची साल चोळताच सुटली, तर ती वाळली असे समजावे. मात्र चांगला दिसणारा दाणाही दूषित असू शकतो, म्हणून विक्रीपूर्वी पोत्या-पोत्यांतून थोडा थोडा नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

पोती तागाची घेऊन लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत. दाणे फुटू नयेत म्हणून शेंगा फोडण्यापूर्वी त्यांवर पाणी शिंपडण्याची पद्धत आपल्याकडे असेल, तर ती बंद करावी.

पुढील हंगामात शेवटच्या महिन्यात पाण्याचा ताण पडू देऊ नये, कारण ही बुरशी जमिनीतच असते व ताणलेल्या पिकाच्या शेंगेत ती काढणीपूर्वीच शिरते. उपटलेले वेल ढीग न घालता शेंगा वर करून ओळीने पसरावेत.