कॅज्युअल्टीत चक्कर आली तर?

"ताई, मी अंबाजोगाईला एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, पहिला दिवस, नुसतं बघायचंय. पण मृतदेहाच्या डिसेक्शनलाच मला गरगरलं होतं. सगळ्यांदेखत पडले तर? – एक घाबरट"

पडलीस तर उचलायला तिथे माणसं भरपूर आहेत, ती काळजी सोड. रक्त बघून नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, म्हणून गरगरतं. उपाशी पोट, कोंदट हवा आणि ताठ गुडघ्यांनी उभं राहणं त्यात भर घालतं. नाश्ता करून, पोटभर पाणी पिऊन जा. घाम फुटला, अंधारी आली की मांड्या आवळ आणि आहेस तिथेच खाली बस. बाथरूमकडे पळू नकोस. डोकी फुटतात ती तिकडेच.

उभी राहायचं ते पलंगाच्या पायथ्याशी. उशाची जागा श्वास सांभाळणाऱ्याची.

हातात काम असलं की भीती कमी होते, म्हणून सरांना विचारून एक काम मागून घे. पावसाळ्यात आपल्याकडे सर्पदंश येतातच. तेव्हा रक्त गोठतंय का ते बघायला शिरेतलं 2 मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात, 20 मिनिटं हलवत नाहीत, मग एकदाच तिरपं करतात. रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय घेऊन प्रतिविष सुरू होतं. ही वेळ तू सांभाळ. ही चाचणी फसते ती क्षुल्लक कारणांनी: नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असते, नाहीतर कुणीतरी दहाव्या मिनिटालाच उचलून बघतं. आणि रक्त गोठलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. मण्यारीच्या दंशात ते गोठतं, खूण तर धड दिसतही नाही. तिथे पेशंटच्या पापण्यांकडे बघायचं. त्या मिटायला लागल्या की लगेच सांग.

फवारणीचं औषध पोटात गेलेल्या पेशंटच्या कपड्यांना उघड्या हाताने शिवू नकोस, ते कातडीतूनही भिनतं. सुई टोचलीच तर जखम पिळायची नाही. साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच सांगायचं. एचआयव्ही टाळायची औषधं शक्यतो 2 तासांत सुरू व्हायला हवीत, 72 तासांनंतर उपयोग नाही. लाजून गप्प बसणारे इथेच फसतात.

एप्रन दिसला की नातेवाईक तुलाच धरतील, "म्याडम, वाचंल ना हो?" म्हणून. तू "मी शिकतेय, डॉक्टरांना बोलावते" एवढंच म्हण, आणि खरंच बोलाव.